बाबा दिवसभर ढिम्म बसून असतात. चुंबकीय उपचाराने उमेद परत येईल का?

एका मुलीचा प्रश्न थोडक्यात असा: वडील ७१ वर्षांचे. तीन वर्षांपूर्वी अल्झायमरचं निदान झालं. डोनेपेझिल चालू आहे, आणि वर्षभरापूर्वी 'उदास वाटतात' म्हणून एस्सिटालोप्रामही सुरू झालं. विसरण्यापेक्षा जास्त त्रास याचा, की ते सकाळपासून खुर्चीत बसून असतात. स्वतःहून बोलत नाहीत, काही मागत नाहीत, नातवंडं आली तरी मान वळवत नाहीत. आई म्हणते, मुद्दाम करतात. एका दवाखान्याने आरटीएमएस, म्हणजे डोक्याबाहेरून चुंबकीय उत्तेजन देण्याच्या, ३० सिटिंग सुचवल्या आहेत. बाबांना विचारलं, तर त्यांनी नाही म्हटलं नाही. भावाने घरीच लावायचं विजेचं हेडसेट शोधून ठेवलंय. यातलं काय करावं?

आधी आईंच्या म्हणण्याबद्दल बोलतो, कारण उपचार काहीही ठरला तरी घरात रोज तेच वाक्य बोललं जाणार आहे.

माझ्याकडे उपचाराला एक गृहस्थ यायचे, निवृत्त आरेखक, म्हणजे ड्राफ्ट्समन. सकाळी पेस्ट लावून ब्रश हातात दिला की ते आरशासमोर उभे राहायचे. पाच मिनिटं, दहा मिनिटं. पेस्ट सुकत चाललेली, नळ वाहतोय, आणि हे शांत. घरचे वैतागायचे. एक दिवस मुलाने त्यांचं मनगट धरून ब्रश दातांना टेकवला. पुढचं सगळं त्यांनी स्वतः केलं: वरचे दात, खालचे दात, चूळ, ब्रश झटकून पुन्हा जागच्या जागी. म्हणजे हात चालत होता, क्रम आठवत होता, समजतही होतं. फक्त 'चल, कर' हा आतून येणारा धक्का येत नव्हता. तो एकदा बाहेरून मिळाला की गाडी सुटत होती.

तुमच्या बाबांचं बहुधा हेच आहे. आळस किंवा हट्ट यासाठीसुद्धा आतून काहीतरी जोर लागतो. यांचा तो जोरच गेलाय. हे आईंना एकदा सांगून पटणार नाही, मला माहीत आहे. ब्रशसारखा एखादा प्रसंग त्यांच्या डोळ्यांसमोर घडला तर पटेल.

आता शब्दाचा एक घोळ. मराठीत 'उदास' आणि 'उदासीन' हे शब्द इतके शेजारी बसलेत की घरचेच काय, डॉक्टरही एकाच्या जागी दुसरा वापरतात. उदास माणसाला दुःख होत असतं. तो रडतो, रात्री जागतो, 'मी तुमच्यावर ओझं झालोय' म्हणतो, जगण्यात अर्थ नाही असं म्हणतो. उदासीन माणसाला विचारा, कसं वाटतंय? तो म्हणेल, 'बरं आहे.' आणि ते खोटं नसतं. त्याला खरंच काही वाटत नसतं. वाटतं ते घरच्यांना. तपासणीत मी घरच्यांना बाहेर पाठवून एवढंच विचारतो, 'दिवसभर बसून कंटाळा येत नाही?' उदास माणूस या प्रश्नावर गप्प होतो किंवा डोळे भरून येतात. उदासीन माणूस सहज 'नाही' म्हणतो आणि खिडकीकडे बघतो. दोन्ही एकत्र असू शकतात, आणि तेव्हा निदान अवघड होतं. पण तुमच्या वर्णनात दुःखाचं एकही चिन्ह मला दिसलं नाही.

हा शब्दच्छल नाही. एस्सिटालोप्राम ज्या गटातलं औषध आहे, त्या गटातल्या गोळ्यांनी काही जणांच्या भावना बोथट होतात, उत्साह आणखी खाली जातो. नैराश्य असेल तर ते औषध हवंच. नसेल, आणि केवळ 'उदास' या शब्दावरून सुरू झालं असेल, तर आपण एका हाताने आग विझवतोय आणि दुसऱ्याने तेल ओततोय. मनाने बंद करू नका, अचानक सोडल्यास त्रास होतो. पण ज्यांनी सुरू केलं त्यांना थेट विचारा: हे नैराश्यासाठी होतं की गप्प बसण्यासाठी? सुरू केल्यानंतर बाबा आणखी गप्प झाले का, हे तारखांसकट सांगा.

याच झडतीत आणखी काही गोष्टी येतात. थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन, सोडियम. झोपेत श्वास अडकतो का. ऐकू कमी येतं का. ज्याला बोलणं ऐकूच येत नाही तो बोलणार काय? झोपेच्या किंवा मनःस्थितीच्या इतर गोळ्या चालू आहेत का. आणि हे गप्प होणं काही महिन्यांत हळूहळू आलं की चार दिवसांत? चार दिवसांत आलं असेल तर ती उदासीनता समजू नका. लघवीचा संसर्ग, पडल्यावर डोक्यात झालेला रक्तस्राव, यांसारख्या कारणांनी येणारी गुंगी तशीच दिसते, आणि तिला लगेच दवाखाना लागतो.

एवढं सगळं पाहून झालं आणि तरीही ढिम्मपणा उरला, तर तो आजाराचाच भाग. अल्झायमरच्या साधारण निम्म्या लोकांत तो असतो. वर्तनाच्या तक्रारींमध्ये सगळ्यांत जास्त आढळणारी ही तक्रार आहे. तरी ती सगळ्यांत उशिरा सांगितली जाते, कारण ओरडणारा, भटकणारा रुग्ण घर डोक्यावर घेतो आणि गप्प बसणारा कुणाला काही त्रास देत नाही असं वाटतं. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट मॅरिन यांनी १९९०च्या सुमाराला या अवस्थेची स्वतंत्र व्याख्या केली आणि १९९१ मध्ये ती मोजण्यासाठी १८ प्रश्नांची मोजपट्टी दिली, ती आजही वापरतात. २०१८च्या सुधारित निकषांनुसार हा बदल किमान चार आठवडे टिकलेला असावा लागतो, आणि कृती व विचार, भावना, लोकांत मिसळणं या तिन्हींपैकी दोन बाबतींत तरी दिसावा लागतो.

मेंदूत नेमकं काय बिघडतं हे थोडं समजून घ्या, म्हणजे यंत्राकडून किती मागायचं याचा अंदाज येईल. कुठलीही साधी गोष्ट, समजा उठून खिडकी उघडणं, करण्याआधी मेंदूत तीन कामं होतात. ती करण्यात काही गोडी आहे का, हे तोलणं. कशी करायची, ते जुळवणं. आणि प्रत्यक्ष सुरुवात करणं. तोलण्याच्या कामात मेंदूच्या तळाशी खोलवर असलेला व्हेंट्रल स्ट्रायटम आणि डोळ्यांच्या वरचा भाग असतो. जुळवण्याचं काम कपाळाच्या मागे, बाजूला असलेल्या भागाचं. त्याला आम्ही डीएलपीएफसी म्हणतो. आणि 'हे मेहनतीच्या लायकीचं आहे, लाग कामाला' हा हुकूम मुख्यतः दोन्ही अर्धगोलांच्या मधल्या घडीत, आत दडलेल्या अँटिरिअर सिंग्युलेटमधून निघतो. या सगळ्यांना जोडणाऱ्या तारा आहेत आणि त्यांत डोपामिनचं मोठं काम आहे. रिचर्ड लेव्ही आणि ब्रुनो द्यूबुआ यांनी २००६ मध्ये उदासीनतेचे तीन प्रकार याच धर्तीवर पाडले. आरेखक गृहस्थांची गोडी आणि जुळवणी दोन्ही बऱ्यापैकी शाबूत होती, तिसरी पायरी गेली होती. दुसऱ्या कुणाची पहिलीच गेलेली असते; त्याच्या हातात ब्रश दिला तर तो खाली ठेवून देतो. दोघांवर उपचाराचं नाव एकच असलं तरी परिणाम एकच येईल असं नाही.

आता यंत्र. १९८५ मध्ये इंग्लंडच्या शेफील्डमध्ये अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोक्यावर तारेचं वेटोळं धरून त्यातून विजेचा क्षणिक झटका सोडला आणि समोरच्याचा हात उडाला. तत्त्व शाळेतलंच: बदलतं चुंबकीय क्षेत्र जवळच्या वाहकात वीज निर्माण करतं. कवटीतून वीज सहज जात नाही, चुंबकीय क्षेत्र मात्र विनाअडथळा जातं. वेटोळ्याखाली ते साधारण दीड-दोन टेस्ला असतं, म्हणजे एमआरआयच्या मशीनइतकं, पण सेकंदाच्या अगदी छोट्या हिश्शापुरतं. हेच झटके ओळीने, ठरावीक लयीत दिले की ते आरटीएमएस. नैराश्यासाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने याला २००८ मध्ये परवानगी दिली. स्मृतिभ्रंशातल्या उदासीनतेसाठी तशी परवानगी नाही. तुम्हाला सुचवलेला उपचार हा नैराश्याचं तंत्र उचलून इथे वापरण्याचा प्रकार आहे. तसं करणं गैर नाही, पण हे तुम्हाला सिटिंग ठरवण्यापूर्वी सांगितलं गेलं पाहिजे होतं.

पहिल्या दिवशी काय होतं ते सांगतो, कारण तुम्ही शेजारी बसलेल्या असाल. कानात बोळे घालतात; यंत्राचा आवाज टाळी दिल्यासारखा कोरडा आणि मोठा असतो. इंग्रजी आठच्या आकाराची कॉइल, म्हणजे तेच वेटोळं, डोक्याच्या वरच्या बाजूला टेकवून एकेक झटका देत जातात आणि विरुद्ध बाजूच्या हाताच्या अंगठ्याकडे बघतात. कॉइल मिलिमीटरभर सरकवली की अंगठा हलतो, पुन्हा सरकवली की थांबतो. दहापैकी पाच वेळा अंगठा हलवणारी सगळ्यांत कमी ताकद, तो त्या माणसाचा थ्रेशोल्ड. मग कॉइल पुढे, कपाळाच्या डाव्या बाजूला नेतात आणि सहसा त्या ताकदीच्या १२० टक्के ठेवतात. नेहमीची पद्धत अशी: सेकंदाला १० झटके, ४ सेकंद चालू, २६ सेकंद बंद, असे ३००० झटके होईपर्यंत. साडेसदतीस मिनिटं. थीटा बर्स्ट नावाची नवी लय जेमतेम तीन मिनिटांची असते. २०१८ मध्ये ४१४ रुग्णांच्या तुलनेत नैराश्यासाठी ती लांब पद्धतीपेक्षा कमी ठरली नाही. खुर्चीत अर्धा तास न हलणं ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी ती सोयीची. उदासीन माणसाला मात्र स्थिर बसणं फारच चांगलं जमतं, हा यातला कडवट विनोद.

इथे एक प्रश्न तुम्हाला पडायला हवा. बिघाड मधल्या घडीत, खोलात. कॉइलची पोच दोन-तीन सेंटिमीटर. मग कपाळाच्या बाजूला टेकवून काय होणार? उत्तर असं, की डीएलपीएफसी हे आतल्या वाड्याचं दार आहे. तिथे सुरू झालेली हालचाल तारांवरून सिंग्युलेटपर्यंत जाते, हे मेंदूच्या स्कॅनमध्ये दिसलेलं आहे. पण तारा शाबूत असतील तरच. अल्झायमरमध्ये त्याच झिजत जातात. शिवाय मेंदू आकसला की कवटी आणि मेंदूमधलं अंतर वाढतं आणि अंतर वाढलं की क्षेत्राचा जोर झपाट्याने घसरतो. अंगठ्यावरून मोजलेली ताकद कपाळामागे पोचेलच असं नाही, कारण आकसणं सगळीकडे सारखं नसतं. त्यात भर म्हणजे, अल्झायमरमध्ये हालचालीच्या भागातल्या पेशी नेहमीपेक्षा चटकन पेटतात, त्यामुळे थ्रेशोल्ड कमी येतो आणि त्यावरून ठरवलेली ताकदही कमी पडू शकते. म्हणून मी बाबांचा एमआरआय मागेन. किती आकसलाय आणि कुठे, आणि छोट्या रक्तवाहिन्यांचे पांढरे डाग किती आहेत, हे बघितल्याशिवाय कॉइल टेकवणं म्हणजे अंधारात खडा मारणं.

पुरावा काय म्हणतो? या विशिष्ट प्रश्नावर चाचण्या थोड्या आणि लहान आहेत. सगळ्यांत जास्त उल्लेख होतो तो अमेरिकेतल्या आर्कान्सामधल्या प्रसाद पडाला यांच्या गटाच्या कामाचा. २०२० मध्ये त्यांनी अल्झायमर आणि उदासीनता असलेल्या २० जणांवर चार आठवडे, आठवड्याला पाच दिवस, खरी किंवा लुटुपुटूची सिटिंग दिली. कुणाला कोणती, हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि मोजणाऱ्यालाही नाही. मॅरिन यांच्या मोजपट्टीवर, जी १८ ते ७२ अशी जाते, खऱ्या गटात सुमारे १० गुण जास्त सुधारणा दिसली. वीस माणसांत एवढा फरक येणं आशादायक आहे. पण वीसच माणसं. चांगला पाऊस पडेल असं एका ढगावरून सांगू नये.

तुलनेला औषधाची चाचणी घ्या. मिथाइलफेनिडेट, म्हणजे लक्ष न लागणाऱ्या मुलांना देतात तेच, २०० रुग्णांना सहा महिने दिलं गेलं. निष्कर्ष २०२१ मध्ये आले. फरक खरा होता, पण लहान: १२ गुणांच्या पट्टीवर सव्वा गुण. माणसं दहापट, परिणाम माफक, आणि म्हणूनच मला त्या सव्वा गुणावर जास्त विश्वास आहे. रक्तदाब, हृदयाची लय आणि वजन ठीक असेल तर मी चुंबकाआधी या औषधाचा विचार करतो. तुमच्या डॉक्टरांशी बोला. ब्युप्रोपिऑन या दुसऱ्या औषधाची जर्मनीत चाचणी झाली, ती २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. उपयोग दिसला नाही.

आणखी एक चाचणी तुम्हाला दवाखान्यात ऐकायला मिळू शकते. रोममध्ये जाकोमो कोख यांच्या गटाने २०२२ मध्ये ५० रुग्णांवर २४ आठवडे, डोक्याच्या मागच्या बाजूला, प्रीक्युनिअस या भागावर उत्तेजन दिलं आणि आजाराची घसरण मंदावली. चांगलं काम आहे. पण तिथली जागा वेगळी, वेळापत्रक वेगळं, आणि मुख्य मोजमाप आजाराच्या एकूण तीव्रतेचं होतं. ते दाखवून कपाळावरच्या ३० सिटिंग विकल्या जात असतील तर कान टवकारा.

या सगळ्या आकड्यांमागची एक अडचण माझ्या रोजच्या कामातली आहे. उदासीनतेची पट्टी बहुतेक वेळा घरचा माणूस भरतो. ज्याने रोजची कामं बाजूला ठेवून महिनाभर बाबांना नेलं-आणलं, त्याला फरक दिसावा असं मनापासून वाटतं, आणि दिसतो. शिवाय सिटिंग म्हणजे नुसतं चुंबक नसतं. रोज ठरलेल्या वेळी अंघोळ, दाढी, स्वच्छ शर्ट, गाडीतून फेरी, तंत्रज्ञाचं 'काय साहेब, आज कसे?' दोन वर्षं खुर्चीत बसलेल्या माणसासाठी हे स्वतःच उपचार आहेत. लुटुपुटूच्या गटातले लोकही सुधारतात ते म्हणूनच. मी एका कुटुंबाला एकदा सरळ सांगितलं होतं, आधी तीन आठवडे रोज सकाळी दहाला यांना तयार करून कुठेही न्या, मग बघू. तीन आठवड्यांनी त्यांचा फोन आला, 'सिटिंगची घाई नाही.' सगळ्यांचं असं होत नाही. पण फुकटातला भाग आधी वसूल करून घ्यावा, असं माझं मत झालंय.

भावाच्या हेडसेटबद्दल फार वेळ घालवत नाही. ते टीडीसीएस. त्यात खारट पाण्यात भिजवलेल्या स्पंजमधून १ ते २ मिलिअँपिअरचा मंद प्रवाह वीसेक मिनिटं सोडतात. तो पेशी पेटवत नाही, फक्त पेटायला थोडी सोपी करतो. म्हणजे त्या वेळी मेंदू काही करत असेल तर त्याला हातभार. काहीच न करणाऱ्या माणसाला तो कशात हातभार लावणार? ब्राझीलमध्ये २०१४ मध्ये अल्झायमरच्या ४० उदासीन रुग्णांवर दोन आठवड्यांत सहा सिटिंगची नीट चाचणी झाली. खऱ्या आणि खोट्या प्रवाहात फरक पडला नाही. सिटिंग वाढवल्या, सोबत काम दिलं तर निराळं चित्र दिसेलही. पण ते घरी प्रयोग करून बघायचं काम नव्हे. स्पंज सुकला तर कातडी भाजते, आणि तुमचे बाबा 'चटका बसतोय' असं स्वतःहून सांगणार नाहीत.

आरटीएमएसच्या सुरक्षिततेचा मुद्दाही तिथेच येऊन अडतो. नेहमीचे त्रास म्हणजे डोकं दुखणं, कॉइलखाली टोचणं, भुवईचे स्नायू उडणं. गंभीर धोका फिट येण्याचा. तो विरळा आहे, हजार रुग्णांत एखाद्यापेक्षाही कमी. पण हे प्रमाण मुख्यतः नैराश्याच्या, स्मृतिभ्रंश नसलेल्या लोकांवरून आलंय, आणि अल्झायमरमध्ये मुळातच फिट येण्याची शक्यता वाढलेली असते. पूर्वी कधी फिट आली असेल, डोक्यात धातूची क्लिप किंवा कानात कॉक्लिअर इम्प्लांट असेल तर हा उपचार नाही. पेसमेकर असेल तर हृदयाच्या डॉक्टरांचं मत आधी. ट्रॅमाडॉल, ब्युप्रोपिऑन यांसारख्या फिटचा उंबरठा खाली आणणाऱ्या गोळ्या लपवू नका. श्रवणयंत्र काढून ठेवावं लागतं; ते काढल्यावर बाबा गोंधळतील, तेव्हा कुणीतरी त्यांना दिसेल असं समोर बसा. आणि त्यांचा चेहरा बघत राहा. उदासीन माणूस दुखतंय म्हणत नाही. डोळे घट्ट मिटतो, किंवा खांदा आक्रसतो. एवढीच काय ती तक्रार.

त्याच कारणाने संमतीबद्दल मला काळजी वाटते. 'त्यांनी नाही म्हटलं नाही' हे तुम्ही लिहिलंय. ते तर कशालाच नाही म्हणत नाहीत. एकदा दवाखान्यात नेऊन खुर्ची, कॉइल दाखवा, आवाज ऐकवा, सोप्या शब्दांत सांगा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. पूर्वीचे बाबा असते तर त्यांनी रोजच्या या धावपळीला होकार दिला असता का, याचा विचार आईंबरोबर करा. उपचार चालू असताना कधीही त्यांनी हात कॉइलकडे नेला किंवा उठायला लागले, तर ते 'नाही' समजा. इतक्या दिवसांत त्यांनी स्वतःहून केलेली ती पहिली कृती असेल, तिचा मान ठेवायलाच हवा.

एवढं सगळं ऐकून तुम्ही म्हणाल, म्हणजे करू नका असंच ना? तसं नाही. आजार सौम्य ते मध्यम असेल, फिटचा इतिहास नसेल, औषधांची झडती झाली असेल, मेंदू फार आकसलेला नसेल आणि घरात वेळ देणारा एक माणूस असेल, तर मी करतो. शेवटची अट सगळ्यांत महत्त्वाची. माझ्या अनुभवात चुंबकाने ज्यांना फायदा झाला त्यांना उमेद आयती मिळाली नाही. सुरुवातीचा उंबरठा थोडा खाली आला, इतकंच. तो ओलांडायला कुणीतरी हात धरावा लागतो. म्हणून सिटिंगनंतरचे दोन-तीन तास मी कामाला लावतो. घरी नेऊन परत खुर्चीत बसवलं, टीव्ही लावला, तर ती सिटिंग वाया गेली असं मी धरतो.

काम म्हणजे मोठं काही नको, आणि 'बाबा, काय करायचं?' असं विचारू नका. तो प्रश्न म्हणजे त्यांच्यासाठी भिंत आहे. 'हे की ते' असं दोनातलं एक विचारा. किंवा काहीच न विचारता वस्तू हातात द्या: घडी घालायचा टॉवेल, पाणी घालायची झारी. पहिली घडी तुम्ही घाला, दुसरी अर्धी घालून सोडा. थांबा. मनातल्या मनात तीसपर्यंत मोजा. आपण पाचव्या सेकंदाला स्वतःच घडी पूर्ण करतो, आणि त्यांचा धक्का यायच्या आत काम संपून जातं. आरेखक गृहस्थांच्या हातात आम्ही टॉवेलऐवजी पट्टी आणि पेन्सिल दिली होती, कागदावर अर्धी रेघ ओढून. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी ती पुरी केली. चौथ्या आठवड्यात पट्टी उलटी धरलेली पाहून मुलावर खेकसले. मुलगा मला ते सांगताना हसत होता आणि रडत होता. पुढे सात-आठ महिन्यांनी ते पुन्हा पहिल्यासारखे झाले, आम्ही दुसऱ्यांदा सिटिंग दिल्या, आणि त्या वेळी काही हाती लागलं नाही. हेही सांगितलं पाहिजे.

तुम्ही करायचं ठरवलं तर मोजायचं काय, ते आधी लिहून काढा. 'फ्रेश वाटतात' हे मोजमाप नाही. तीन गोष्टी निवडा, ज्या दिसतात आणि मोजता येतात. उदाहरणार्थ, दिवसभरात स्वतःहून किती वेळा बोलले. ताट समोर ठेवल्यापासून पहिल्या घासापर्यंत किती मिनिटं गेली. कुणी न सांगता खुर्चीतून किती वेळा उठले. सिटिंग सुरू होण्याआधी दोन आठवडे हे रोज लिहा. वहीचं काम अशा माणसाला द्या जो रोज दवाखान्यात नेत नाही आणि ज्याला निकालाची फारशी आस नाही. शेजारी चालेल, दिवसा येणारी मदतनीस चालेल. दहा सिटिंगनंतर वही बघा, वीसनंतर बघा, आणि संपल्यावर चार आठवड्यांनी पुन्हा. वीसनंतर तिन्ही आकडे जागचे हलले नसतील तर थांबा. 'आणखी दहा घेऊन बघू' या वाक्याला तिथे जागा नाही, म्हणून ३० सिटिंगचे पैसे एकदम भरू नका. दहा-दहाने भरू देत नसतील तर दुसरा दवाखाना बघा.

येत्या आठवड्यात एवढं करा. एस्सिटालोप्रामबद्दल डॉक्टरांची वेळ घ्या, रक्ताच्या तपासण्या आणि कान तपासून घ्या, जुना एमआरआय असेल तर शोधून ठेवा. हेडसेट परत करायला सांगा. आणि उद्या सकाळी ब्रश हातात देऊन बाजूला व्हायच्या ऐवजी आईंना तिथेच उभं राहायला सांगा, मनगटाला हलकेच आधार देऊन, ब्रश दातांना टेकेपर्यंत. पुढचं बाबा करतात का, ते मला कळवा. त्यावरून तिसरी पायरी गेलीय की पहिली, याचा बराच अंदाज येईल.